हार्वेस्टरमागे दाणे पडतायत? आधी ते कुठून पडतायत ते शोधा

दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनला आणि होळीच्या सुमारास गव्हाला, असा वर्षातून दोनदा आमच्या सांवेरच्या वावरात हार्वेस्टर येतो. राहणं आमचं इंदूरला, रामबागेत. शेती सासरे बघत. अण्णांच्या गुडघ्यांनी साथ सोडल्यावर ती माझ्याकडे आली. पहिल्याच सोयाबीनच्या हंगामात भाड्याच्या मशीनमागून चालताना काडाखाली पिवळे दाणे दिसले आणि पोटात गोळा आला. ड्रायव्हरला हाक मारली. त्यानं उतरून पाहिलं, "अभी ठीक करता हूँ" म्हणाला आणि ड्रमचा वेग वाढवला. मागचे दाणे काही थांबले नाहीत. टाकीत मात्र डाळ दिसायला लागली, सोयाबीनची सरळ दोन दलं. दुसऱ्या दिवशी मंडीत व्यापाऱ्यानं मूठभर माल तळहातावर पसरला, बोटानं फुटके दाणे एका बाजूला सारले आणि काही न बोलता भाव उतरवला.

त्या संध्याकाळी अण्णा म्हणाले, "सूनबाई, दाणे पडतायत हे तू पाहिलंस. कुठून पडतायत ते पाहिलंस का?"

मी पाहिलं नव्हतं. ड्रायव्हरनंही पाहिलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक हंगामात मी आधी ते पाहते आणि मगच कोणाला पाना हातात घेऊ देते. नव्यानं शेतीत उतरलेल्यांसाठी, मशीन स्वतःचं असो की भाड्याचं, ही पद्धत पायरीपायरीनं लिहिते आहे. आकडे सोयाबीन आणि गव्हाचे आहेत, कारण आपल्या माळव्यात हार्वेस्टरखाली मुख्यतः हीच दोन पिकं जातात.

मशीनच्या पोटात खळंच आहे

ज्यांनी लहानपणी खळं पाहिलं आहे त्यांना हार्वेस्टर समजायला वेळ लागत नाही. बैलांच्या पायाखाली मळणी व्हायची, मग काड हातानं झटकून बाजूला काढायचं, मग वाऱ्यावर उफणायचं आणि शेवटी चाळायचं. मशीनही याच क्रमानं काम करतं.

पुढे कटरबार पीक कापतो, रील ते आत लोटते, स्क्रू ते मधोमध गोळा करतो आणि साखळी वर चढवते. तिथे ड्रम आणि त्याला खालून कवेत घेणारी लोखंडी जाळी असते. पुस्तिकेत तिला कन्केव्ह म्हणतात, पंजाबी ड्रायव्हर तिला जालीच म्हणतात. या दोघांमध्ये मळणी होते आणि दाणा जाळीतून खाली पडतो. उरलेलं काड मागे वॉकरवर जातं. वॉकर म्हणजे दाते असलेली लांब पत्र्याची खोकी, शेजारी शेजारी बसवलेली, आळीपाळीनं वरखाली झुलणारी. काड पुढे ढकलताना ती ते झटकतात आणि अडकलेले दाणे खाली पाडतात. हे सगळे दाणे भुश्यासकट चाळण्यांवर येतात. खालून पंख्याचा वारा भुसा उडवतो, वरची चाळण मोठा कचरा मागे टाकते, खालची चाळण स्वच्छ दाणा खाली सोडते. न मळलेल्या शेंगा किंवा ओंब्या टेलिंगच्या स्क्रूनं पुन्हा ड्रमकडे जातात.

यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ठीक चाललेल्या मशीनमध्ये दहातले आठ-नऊ दाणे ड्रमखालच्या जाळीतच सुटतात. वॉकरनं उरलेला एखाद-दुसरा झटकायचा असतो. जाळीनं आपलं काम केलं नाही तर तो सगळा भार वॉकरवर पडतो, आणि वॉकर त्यासाठी बनलेलेच नाहीत. म्हणून दाणे मागे दिसले तरी दोष बहुतेक वेळा पुढे असतो.

हात घालण्याआधी

इंजिन बंद, किल्ली तुमच्या खिशात, ड्रम फिरायचा पूर्ण थांबलेला. जड ड्रम इंजिन बंद झाल्यावरही काही वेळ फिरत राहतो, त्यामुळे आवाज संपेपर्यंत थांबा. कटरबार उचललेला असेल आणि खाली वाकायचं असेल तर त्याच्या सिलिंडरला लॉक किंवा भक्कम ठोकळा लावा. फक्त हायड्रॉलिकच्या भरवशावर कधी खाली जाऊ नका. ओढणी, सैल बाही, गळ्यातला गमछा काढून ठेवा. वावरात विजेच्या तारा असतील तर टाकी रिकामी करायचा पाइप उघडताना वर बघा. यात घाई करू नका, एवढंच कळकळीनं सांगते.

पहिली पायरी: मोजा

नुसत्या नजरेनं "फार दाणे पडतायत" हे ठरवू नका. काड मागे अरुंद पट्ट्यात पडतं, त्यामुळे मागचे दाणे एकाच जागी दाट दिसतात. पुढे कटरबारजवळ गळणारे दाणे मात्र पूर्ण रुंदीवर विखुरतात आणि नजरेत भरत नाहीत.

चार मीटर सुतळी घ्या, टोकं बांधा आणि चार काड्या रोवून तिचा चौकोन करा. प्रत्येक बाजू एक मीटर. मशीन नेहमीच्या वेगानं भरल्या पिकात चाळीस-पन्नास पावलं चालू द्या, मग थांबवून मशीनच्या लांबीइतकं मागे घ्या. आता तीन जागी मोजायचं. पहिली जागा पुढच्या उभ्या पिकात, म्हणजे मशीन यायच्या आधीच गळलेले दाणे कळतात. दुसरी जागा कापलेल्या पण काड न पडलेल्या पट्टीत. मशीन मागे घेतल्यानं ही पट्टी उघडी पडलेली असते. तिथे आधीचे गळलेले आणि कटरबारनं पाडलेले दाणे मिळतात. तिसरी जागा थोडी मागे, काडाच्या पट्ट्यात. काड उचलून नीट झटका, ते दाणे खाली पडू द्या आणि मग मोजा. प्रत्येक ठिकाणी दोन-तीनदा मोजून सरासरी काढा.

समजा सोयाबीनमध्ये उभ्या पिकात १० दाणे मिळाले, दुसऱ्या जागी २४ आणि मागे ९४. मशीनच्या पोटातून गेलेले दाणे ९४ वजा २४, म्हणजे ७०. पण ते पूर्ण रुंदीचे दाणे एका अरुंद पट्ट्यात आले आहेत. कटरबार १४ फुटी आणि काडाचा पट्टा ४ फुटी असेल तर ७० ला साडेतीननं भागायचं. आले २०. शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं तर २० दाणे म्हणजे दर चौरस मीटरला २.४ ग्रॅम, हेक्टरी २४ किलो. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये क्विंटल या हमीभावानं हे जवळजवळ १,२८० रुपये होतात.

आता कटरबारचं नुकसान पाहा. २४ वजा १०, म्हणजे १४ दाणे. याला भागायचं नाही, कारण हे आधीच पूर्ण रुंदीवर पसरलेले आहेत. हेक्टरी जवळजवळ १७ किलो. मागचे ७० दाणे पाहून आपण घाबरलो होतो, पण पुढचे न दिसणारे १४ त्यांच्या पाऊणपटीला जवळ आले. सोयाबीनमध्ये मोठं नुकसान बहुधा कटरबारजवळच होतं. शेंगा खाली लागतात, कोरड्या शेंगा रीलच्या तडाख्यानं उघडतात. त्यामुळे मागे उपाय करत बसण्याआधी पुढचा आकडा पाहायलाच हवा.

गव्हाचा दाणा हलका असतो. हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम धरलं तर मागचे तेच ७० दाणे हेक्टरी ८ किलोच होतात. सोयाबीनच्या डोळ्यांनी गहू मोजला तर उगाच घाबरायला होतं.

मशीनला मागे काड पसरवणारं एसएमएस नावाचं जोडयंत्र लावलेलं असेल तर मोजण्यापुरतं ते बंद करा, नाहीतर साडेतीनचा भागाकार चुकेल.

दुसरी पायरी: भरल्या पोटी थांबवा

आकड्यावरून दाणे पोटातूनच जातायत हे नक्की झालं, की मशीन चालू कामात एकदम थांबवून आत बघायचं. भरल्या पिकात नेहमीच्या वेगानं चालत असताना ड्रायव्हर क्लच दाबून लगेच इंजिन बंद करतो, म्हणजे माल जिथे होता तिथेच राहतो. पुन्हा सुरू करण्याआधी ड्रममधला अडकलेला माल हातानं काढावा लागतो, आणि इंजिनलाही हा झटका चांगला नाही. म्हणून हे वारंवार करू नका. एकदा करा, पण तेव्हा सगळं पाहून घ्या.

अण्णा अशा वेळी सूप मागवत. वॉकरच्या शेवटच्या टोकावरचं काड मूठभर उचलून सुपात झटकत. दाणे खाली पडले तर चोर वॉकरवर. मग चाळणीच्या शेवटच्या वितीवरचा भुसा दुसऱ्या सुपात घेऊन पाखडत. तिथे दाणे निघाले तर चोर चाळणीवर. अजून याहून सोपी परीक्षा मला मिळालेली नाही, सूप घरात असतंच.

तिसरी गोष्ट काडात दाणे सुटे आहेत की ओंबीत किंवा शेंगेत अडकलेले, हे पाहा. ओंबीत अडकलेले असतील तर दाणे वेगळे होण्याआधी मळणीच अर्धी राहिली आहे. सुटे असतील तर मळणी झाली आहे, वेगळं करण्यात कमी पडतंय. दोघांचे उपाय जवळजवळ उलटे आहेत. माझ्या पहिल्या हंगामात दाणे सुटे होते आणि ड्रमचा वेग वाढवला गेला. म्हणून सगळं बिघडलं.

ओंबीत दाणे राहतायत

गव्हात हे सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर दिसतं, कारण काडाला दमटपणा येतो. वेळ हा पहिला उपाय. मार्चात साडेदहा-अकराआधी सुरू करू नका. ओंबी हातावर चोळा. दाणा सहज सुटला आणि दाताखाली कट्‌कन फुटला तर मशीनलाही तो सुटेल.

वेळ बरोबर असूनही राहत असतील तर आधी ड्रम आणि जाळीमधली फट थोडी कमी करा. तेवढ्यानं भागलं नाही तरच वेग वाढवा. फट नेहमी पुढे जास्त आणि मागे कमी असते. गव्हाला पुढे १२ ते १६ आणि मागे ४ ते ८ मिलिमीटर, सोयाबीनला पुढे २० ते ३० आणि मागे १० ते १५, अशी सुरुवात करून पाहायला हरकत नाही. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत वेगळं असेल तर पुस्तिका खरी. फट दोन्ही बाजूंनी सारखी आहे का हेही मोजा. एका बाजूला जाळी वाकलेली असेल तर एका बाजूला दाणे फुटतात आणि दुसऱ्या बाजूला ओंब्या तशाच जातात. मग कितीही फिरवा, जमत नाही. ड्रमच्या पट्ट्यांचे खाचे झिजून गुळगुळीत झाले असतील तर त्या बदलण्याला पर्याय नाही.

ड्रमचा वेग

या विषयावर मी थोडी थांबणार आहे, कारण भावाचं सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं आणि ते मंडीपर्यंत दिसत नाही.

ड्रमचे आरपीएम एकटे काही सांगत नाहीत, कारण ड्रम लहानमोठे असतात. महत्त्वाचा असतो तो ड्रमच्या कडेचा वेग. ड्रमचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला ३.१४ नं गुणा, मग आरपीएमनं गुणा आणि ६० नं भागा. ६० सेंटीमीटरचा ड्रम ९०० आरपीएमनं फिरला तर कड सेकंदाला सुमारे २८ मीटर धावते. गव्हाला हे चालतं. सोयाबीनला त्याच ड्रमवर ५०० च्या आसपास, म्हणजे १५-१६ मीटर, पुरे होतं, आणि दाणा फार कोरडा असेल तर त्याहून कमी. सोयाबीनचं साल पातळ असतं आणि दोन दलं त्या सालीनंच एकत्र बांधलेली असतात. कोरड्या दुपारी फटका जोरात बसला की साल सुटतं आणि दाण्याची डाळ होते. ज्या दाण्यांची डाळ होत नाही, त्यांतल्याही बऱ्याच दाण्यांना आत बारीक चीर गेलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण ते बी म्हणून ठेवलं की उगवण पडते. प्रमाणित सोयाबीन बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. जोरात मळलेलं घरचं बी तिथपर्यंत पोहोचत नाही. घरचं बी ठेवायचं असेल तर तेवढं पीक वेगळं कापा आणि कमी वेगावर मळा.

वेग जास्त झाला की आणखी एक गोष्ट घडते आणि ती नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. काडाचे बारीक तुकडे होतात. वॉकरवर लांब काड असलं की दाण्यांना खाली पडायला वाट मिळते. तुकड्यांचा थर झाला की दाणे त्यातच अडकून राहतात, आणि तुकडे वॉकरच्या भोकांतून चाळणीवर पडून तिला गच्च करतात. म्हणजे वेग वाढवल्यानं वॉकरवरूनही दाणे जातात आणि चाळणीवरूनही. सुटे दाणे मागे जातायत म्हणून वेग वाढवणं म्हणजे पाणी ओसंडतंय म्हणून नळ आणखी उघडण्यासारखं आहे.

वेग कसा मोजायचा? मी इंदूरच्या सियागंज बाजारातून एक छोटा डिजिटल टॅकोमीटर आणला आहे. ड्रमच्या शाफ्टवर चमकदार पट्टी चिकटवायची आणि लांबून प्रकाश टाकायचा, हात लावायची गरज नाही. ड्रायव्हर सांगतो तो वेग आणि मोजलेला वेग यांत फरक निघू शकतो. बेल्ट घसरत असतील तर निघतोच.

वॉकरवरून दाणे जातायत

सुपात वॉकरकडचे दाणे निघाले, तर पहिला संशय मशीनच्या चालीवर घ्या. वॉकरची गंमत अशी की एका हद्दीपर्यंत ते जवळजवळ काहीच वाया घालवत नाहीत, आणि ती हद्द ओलांडली की नुकसान एकदम वर चढतं. म्हणून एक गिअर खाली आणून तीस पावलं चालवा आणि पुन्हा मोजा. दाणे एकदम कमी झाले तर दोष मिळाला, पाना उचलायची गरजच पडली नाही.

चाल कमी करायची ती गिअरनं. इंजिनचा थ्रॉटल खाली आणून नाही. थ्रॉटल खाली आला की ड्रम, वॉकर, पंखा, चाळण्या सगळ्यांचीच गती पडते आणि काड झटकलं जात नाही. डिझेल वाचवायला असं करणारे ड्रायव्हर भेटतात. इंजिन ठरलेल्या पूर्ण गतीवर आणि जमिनीवरची चाल पिकाच्या दाटीप्रमाणे, हे धरूनच चाला.

गव्हात दुसरा उपाय कापणीची उंची वाढवणं. ओंबी सगळी आत येईल इतकं वर कापलं की काड कमी आत जातं आणि वॉकर मोकळे होतात. मागे राहिलेल्या नरवाईतून, म्हणजे उभ्या खुंटांतून, नंतर स्ट्रॉ रीपरनं भुसा करता येतो. नरवाई जाळायला मध्य प्रदेशात बंदी आहे आणि दंडही होतो. शिवाय भुश्याला गुरांवाल्यांकडून पैसे मिळतात. सोयाबीनमध्ये ही मोकळीक नाही. खालच्या शेंगा जमिनीपासून चार-पाच बोटांवर असतात, तिथे कटरबार खालीच ठेवावा लागतो. म्हणून सोयाबीनच्या वॉकरवरचा भार चालीनं आणि वेळेनंच सांभाळायचा.

मग यंत्राकडे वळा. वॉकर फिरवणारा बेल्ट सैल आहे का, वॉकरच्या आसाचे बुश झिजून खडखडतायत का, भोकं ओल्या पानांनी आणि मातीनं बुजली आहेत का. वॉकरच्या वर एक रबरी किंवा किंतानाचा पडदा लोंबत असतो. ड्रममधून उडालेले दाणे थेट मागे जाऊ नयेत आणि काड जरा अडून झटकलं जावं म्हणून तो असतो. जुन्या मशीनमध्ये तो फाटलेला किंवा गायबच असतो. मी एकदा पोत्याच्या दुहेरी किंतानाचा शिवून घेतला. हंगामभर टिकला.

शेवटी ड्रमखालची जाळी खालून पाहा. काळ्या मातीचा आणि हिरव्या रसाचा लेप तारांमध्ये बसला असेल तर दाणा तिथे सुटतच नाही आणि सगळा वॉकरवर येतो. सोयाबीनमध्ये केना, लव्हाळा असं हिरवं तण असेल तर हे दुपारपर्यंत होऊन बसतं. लाकडी काडीनं आणि ब्रशनं साफ करा. काही मशीनमध्ये गव्हासाठी जाळीच्या पुढच्या भागावर झाकणपट्ट्या लावलेल्या असतात. त्या सोयाबीनला तशाच राहिल्या का, तेही बघा.

चाळणीवरून दाणे जातायत

खळ्यावर उफणताना वारा पडला की भुसा आणि दाणा एकत्रच खाली येतो, आणि वारा सुटला की दाणाही उडतो. चाळणीवर हेच घडतं. दोन्ही परिस्थितीत दाणे मागे जातात, म्हणून नुसते दाणे पाहून पंखा वाढवायचा की कमी करायचा ते कळत नाही. टाकीतला माल बघा.

टाकीतला माल आरशासारखा स्वच्छ आणि मागे दाणे, तेही हलके आणि बारीक आधी, तर वारा जास्त आहे. टाकीत भुसा, काड्या आणि मागेही भरलेले चांगले दाणे, तर वारा कमी आहे. चाळणीवर भुश्याची गादी बसली आहे आणि दाणे तिच्यावर स्वार होऊन मागे चालले आहेत. भरल्या पोटी थांबवल्यावर चाळणीवर वीतभर जाड गादी दिसली तर दुसरं काही शोधू नका.

पंखा लावताना टप्प्याटप्प्यानं वाढवत न्या. दाणे हवेतून मागे उडू लागले की किंचित मागे या. सोयाबीनचा दाणा जड आणि गोल आहे, त्याला गव्हापेक्षा जास्त वारा चालतो. गव्हाचा पंखा आहे तसाच ठेवून सोयाबीन कापायला घेतलं तर गादी बसते. पंख्याच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्यांवर पानं आणि भुसा चिकटून हवा अडते. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्या एकदा झाडाव्यात.

वरची चाळण फार मिटली असेल तर दाण्यांना खाली जायला फट मिळत नाही. गव्हाला १२ ते १५ आणि सोयाबीनला १५ ते १८ मिलिमीटरपासून सुरुवात करून बघा. गोल भोकांची बदलायची चाळण असेल तर गव्हाची सोयाबीनला चालवू नका. उतारावर आडवं चाललं की सगळा माल चाळणीच्या एका बाजूला सरकतो. शक्य तिथे उताराच्या दिशेनंच वर-खाली चालवा.

टेलिंग बघायची सवय लावा

टेलिंगच्या झाकणातून थोडा माल काढून तळहातावर घ्या. ही मशीनची नाडी आहे. त्यात न मळलेल्या शेंगा आणि ओंब्यांचे तुकडे थोडेसे असणं बरोबर. भरपूर असतील तर ड्रमकडे परत जा. स्वच्छ दाणे भरपूर असतील तर खालची चाळण फार मिटली आहे. ते चांगले दाणे पुन्हा ड्रमखाली जातात आणि तिथे फुटतात. टाकीत फुटका माल दिसतोय आणि ड्रमचा वेग तर बरोबर आहे, अशा कोड्याचं उत्तर बहुधा इथे सापडतं.

मागे नाही, खाली

कधी कधी वॉकरही निर्दोष, चाळणीही, तरी वावरात दाणे. मग मशीन ताडपत्रीवर उभं करून रिकामं पाच मिनिटं चालवा आणि सगळेच लांब उभे राहा. बंद केल्यावर ताडपत्रीवर दाण्यांची छोटी ढिगारी कुठे झाली आहे ते बघा. एलिव्हेटरचं खालचं झाकण, चाळणीच्या कडेचं फाटलेलं रबर, पत्र्यातलं गंजलेलं भोक, जे असेल ते नेमकं वर सापडेल. दोनशे रुपयांच्या रबरी पट्टीनं थांबणारं नुकसान वर्षानुवर्षं चालू राहिलेलं मी पाहिलं आहे.

वेळ आणि ओल

सोयाबीन १३ ते १५ टक्के ओलीत कापलं तर सगळ्यात कमी त्रास होतो. त्याहून ओलं असेल तर शेंग उघडत नाही आणि दाणा चेपतो. १२ च्या खाली गेलं की पुढे शेंगा फुटतात आणि आत डाळ होते. पानं गळलेली, शेंग हलवली की खुळखुळ वाजते, पण काडात जरा जीव आहे, हा काळ फार थोडे दिवस टिकतो. जेएस ९५-६० सारखा लवकर येणारा वाण पेरला असेल तर तो तयार होताना पाऊस अजून गेलेला नसतो. तेव्हा मशीनची तारीख आधी बोलून ठेवली पाहिजे, नाहीतर मशीन येईपर्यंत शेंगा उन्हानं उघडतात.

एकाच दिवसात पीक बदलतं. ऑक्टोबरात सकाळी दव असतं, दुपारी तीनला तेच पीक कडकडीत होतं. म्हणून दुपारी ड्रमचा वेग जरा उतरवावा लागतो आणि सूर्य कलला की फट पुन्हा पाहावी लागते. सकाळी लावलेलं दिवसभर चालत नाही.

एका वेळी एकच

बदल एकच करा, तीस-चाळीस पावलं चाला, पुन्हा मोजा, वहीत लिहा. फट, वेग, पंखा तिन्ही एकदम फिरवले तर फरक कशानं पडला हे कधीच कळत नाही. मी शोधण्याचा क्रम असा ठेवते: आधी वेळ आणि ओल, मग चाल, मग बेल्ट आणि साफसफाई, मग फट, मग वारा आणि चाळणी, आणि ड्रमचा वेग सगळ्यांत शेवटी. पहिल्या दोन गोष्टींना पाना लागत नाही आणि बहुतेक वेळा काम तिथेच होऊन जातं.

भाड्याच्या मशीनवाल्याशी बोलताना

माळव्यात गहू आधी पिकतो, म्हणून पंजाबातली मशीनं मार्चात आपल्याकडे येतात आणि इथलं आटोपून आपापल्या गावी परततात. ड्रायव्हर दिवसरात्र राबलेले असतात आणि अनेकजण मशीन आपल्याहून खूप चांगलं ओळखतात. "तुमच्या मशीनमधून दाणे पडतायत" असं म्हटलं की भांडण होतं. "पाजी, जरा मशीन थांबवा, आपण दोघं मिळून दाणे मोजू" असं म्हटलं की बहुतेक वेळा ते स्वतःच सूप हातात घेतात. आधी चहा पाजा, कापणी सुरू होण्याच्या आधीच दाणे मोजायचं ठरवून घ्या, आणि पहिल्या दोन फेऱ्या झाल्यावर मशीन थांबवायचंच हे भाव ठरवतानाच सांगा. बिघ्यावर भाडं असेल तर चाल वाढवण्याकडे कल असतो, तासावर असेल तर नाही. हे लक्षात घेऊन काय पत्करायचं ते ठरवा.

स्वतः मशीन चालवायला आणि जुळवायला शिकायचं असेल तर सीहोर जिल्ह्यात बुधनीला केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे, तिथे जाऊन चौकशी करा. सोयाबीनच्या वाणाबद्दल आणि कापणीच्या वेळेबद्दल विचारायचं तर इंदूरमध्येच खंडवा रस्त्यावर राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था आहे.

आमच्या वहीत आता प्रत्येक हंगामाचं एक पान आहे. तारीख, वाण, ओल, फट पुढची आणि मागची, ड्रमचे आरपीएम, पंखा, तीन ठिकाणचे दाणे. पहिल्या पानावर अण्णांच्या अक्षरात १०, २४, ९४ लिहिलेले आहेत. मागच्या ऑक्टोबरच्या पानावर माझ्या अक्षरात १२, २१, ३९.